लॅथिरिझम : एक अपरिचित शब्द आणि आपले ओळखीचे ताट

कार्तिक लागला की साकोलीच्या परिसरातील बांध्यांमध्ये धान पिवळे पडू लागते. कापणीला आठ-पंधरा दिवसांचा अवकाश असतो आणि जमिनीत ओल टिकून असते. नेमक्या याच वेळी शेतकरी उभ्या धानात लाखोळीचे बी फेकतो. त्यासाठी वेगळी नांगरणी नाही, ओलित नाही, खत नाही. धान कापून नेले की धसकटांमधून कोवळे वेल डोके वर काढतात, थंडीत त्यांना निळसर फुले येतात आणि शिमग्याच्या सुमारास शेंगा वाळू लागतात. या पद्धतीला उतेरा म्हणतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानपट्ट्यात ती पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. लाखोळीच्या कोवळ्या पानांची भाजी, डाळीचे वरण, पिठाची भजी यांची चव येथील ज्येष्ठांना नव्याने सांगावी लागत नाही.

वाचकहो, आता दोन घरे डोळ्यांपुढे आणा. पहिल्या घरी शहरातून सुटीवर आलेली नात जेवताना आजीच्या पुढ्यातील वाटी बाजूला सारते. "आजी, ही डाळ खाऊ नकोस. हिने लॅथिरिझम होतो, पाय जातात." आजी क्षणभर गोंधळते. जिच्यावर सारी हयात गेली, ती डाळ एकाएकी विष कशी झाली, हे तिला उमगत नाही. दुसऱ्या घरी आजोबांचे पाय सहा महिन्यांपासून जड पडत आहेत. उंबरा ओलांडताना ते अडखळतात. घरातील कोणी तरी म्हणते, "आयुष्यभर लाखोळी खाल्ली, त्याचेच हे फळ. आता उपाय नाही." आणि आजोबांना दवाखान्यात नेण्याचे राहून जाते.

दोन्ही घरांत प्रेम आहे, काळजीही आहे. चूक झाली ती अर्धवट कळलेल्या एका शब्दामुळे. म्हणून आज या शब्दाचा अर्थ, त्याचे मूळ आणि त्याचा योग्य वापर आपण नीट समजून घेऊ.

शब्दाची फोड

'लॅथिरिझम' या इंग्रजी शब्दाचे दोन भाग आहेत. पहिला भाग 'लॅथिरस'. प्राचीन ग्रीक भाषेत 'लाथिरोस' हे एका कडधान्याचे नाव होते. पुढे वनस्पतिशास्त्राने तेच नाव वाटाण्याच्या जवळच्या एका वनस्पती-गटाला दिले. आपल्या लाखोळीचे शास्त्रीय नाव 'लॅथिरस सटायव्हस'. यातील 'सटायव्हस' हा लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ पेरलेले, लागवडीचे.

दुसरा भाग 'इझम'. हा प्रत्यय आपल्या कानांवर बहुधा राजकीय शब्दांतून पडतो; तेथे त्याचा अर्थ 'वाद' किंवा 'विचारसरणी' असा होतो. वैद्यकात मात्र तो अनेकदा निराळ्या कामाला येतो. एखाद्या पदार्थामुळे शरीरात उद्भवणारी विकारी अवस्था तो दाखवितो. मद्याच्या अतिसेवनातून 'अल्कोहोलिझम', राय या धान्यावर वाढणाऱ्या अर्गट नावाच्या बुरशीतून 'अर्गटिझम', शिशाच्या विषबाधेतून 'प्लंबिझम'. त्याच चालीवर लॅथिरसपासून झालेला विकार तो 'लॅथिरिझम'.

हे नाव १८७३ साली रूढ झाले. इटलीतील नेपल्स येथील वैद्य आर्नाल्डो कांतानी यांनी तीन रुग्णांच्या आधारे या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला हे नाव दिले. इटालियनमधून ते वैद्यकाच्या इंग्रजीत आले.

पुढे या शब्दाला फांद्या फुटल्या. लाखोळीच्या अतिसेवनाने मज्जासंस्थेला जो अपाय होतो, त्याला आता अधिक नेमकेपणाने 'न्यूरोलॅथिरिझम' म्हणतात. 'ऑस्टिओलॅथिरिझम' हा त्याचा नावापुरता भाऊ. याच कुळातील शोभेच्या गोड वाटाण्याचे बी प्रयोगशाळेतील प्राण्यांना खाऊ घातले असता त्यांच्या हाडांत आणि संयोजी ऊतींत दोष निर्माण झाले, त्यावरून ते नाव पडले. आपल्या ताटातील लाखोळीशी त्या दुसऱ्या विकाराचा संबंध नाही. कोठे हा शब्द वाचनात आला, तर कोणत्या विकाराबद्दल लिहिले आहे, ते आधी पाहावे.

आपल्याकडचा जुना शब्द

नेपल्समधील त्या नामकरणाच्या कितीतरी शतके आधी आपल्याकडे या अवस्थेला नाव होते. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात वातव्याधींमध्ये 'कलायखंज' या विकाराचा उल्लेख येतो. कलाय म्हणजे वाटाण्यासारखे कडधान्य आणि खंज म्हणजे लंगडा. चालू लागताना रुग्णाचे अंग कापते, तो लंगडत चालतो आणि त्याच्या सांध्यांची बांधणी सैल झालेली असते, असे तेथील वर्णन आहे. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात 'त्रिपुट' या कडधान्याने मनुष्य लंगडा-पांगळा होतो, असा इशारा आहे. लाखोळीचा कोनदार, पाचरीसारखा दाणा ज्याने हातात घेतला आहे, त्याला 'त्रिपुट' या नावाचे मर्म सहज कळेल.

दोन्ही शब्द शेजारी ठेवून पाहा. 'लॅथिरिझम' केवळ वनस्पतीचे नाव घेतो. 'कलायखंज' वनस्पतीबरोबर चालणाऱ्या माणसाचेही चित्र उभे करतो. असाच आणखी एक शब्द आफ्रिकेत आहे. काँगोच्या ग्रामीण भागात कडू कसाव्याचे कंद पुरेसे न भिजवता दीर्घकाळ खाल्ल्याने जवळजवळ अशीच पायांची दुर्बलता येते. तेथील लोक तिला 'कोंझो' म्हणतात. त्याचा अर्थ 'बांधलेले पाय'. वैद्यकाने तोच लोकशब्द जसाच्या तसा स्वीकारला आहे.

परंतु या तिन्ही शब्दांतून एक गोष्ट निसटली. हा आजार कोणाला झाला आणि कोणत्या परिस्थितीत झाला, हे त्यांपैकी एकही सांगत नाही. ते कळायचे असेल, तर दुष्काळांचा इतिहास उघडावा लागतो.

दोष डाळीचा की उपासमारीचा?

विल्यम स्लीमन हे नाव ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध आहे. त्याच इंग्रज अधिकाऱ्याने १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात मध्य भारतातील सागरच्या परिसरातील हकिगत नोंदविली आहे. १८२९ पासून ओळीने तीन वर्षे तेथील गव्हाचे पीक बुडाले. कधी गारपिटीने, कधी पावसाअभावी, कधी रोगाने. त्या तिन्ही वर्षांत तग धरून राहिली ती तेवरा, म्हणजेच आपली लाखोळी. लोकांनी तिच्याच पिठाच्या भाकरी खाल्ल्या. त्यानंतर गावोगावी तरुण माणसांचे कमरेखालचे बळ जाऊ लागले.

स्पेनमध्येही हेच घडले. १८११-१२ च्या माद्रिदमधील दुष्काळात याच कडधान्याच्या पिठाची लापशी लोकांचा आधार ठरली होती. चित्रकार फ्रान्सिस्को गोया याने आपल्या युद्धविषयक मालिकेत त्यावर एक चित्र कोरले. त्याचे शीर्षक मराठीत सांगायचे तर 'लाखेची कृपा' असे होईल. त्या शीर्षकात कृतज्ञता आहे आणि कडवट उपरोधही आहे. ज्या दाण्याने प्राण वाचविले, त्यानेच पाय नेले.

आता उतेऱ्याची आठवण करा. जे पीक पाण्यावाचून, खतावाचून, नांगरावाचून येते, तेच दुष्काळात शेवटपर्यंत उभे राहते. भात नाही, गहू नाही, दूध नाही, भाजी नाही. आहे ती एकटी लाखोळी. विंध्य प्रदेशातील रीवा भागात वेठीच्या मजुरांना मजुरीच या धान्याच्या रूपात मिळत असे. त्यांच्यासाठी प्रत्येक वर्ष दुष्काळाचेच होते. म्हणून हा विकार श्रीमंताच्या वाड्यात क्वचित दिसला. तो दिसला मजुराच्या झोपडीत. एकच डाळ दोन्हीकडे शिजत होती. फरक होता तिच्याबरोबर ताटात आणखी काय असे, याचा.

विष कोणते आणि किती?

या दाण्यातील नेमका अपायकारक घटक भारतीय संशोधकांनी हुडकून काढला. १९६४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एस. एल. एन. राव, पी. आर. अडिगा आणि पी. एस. शर्मा यांनी लाखोळीच्या बियांतून एक अमिनो आम्ल वेगळे केले. त्याला संक्षेपाने 'ओडॅप' म्हणतात. मेंदूकडून पायांकडे हालचालीचे आदेश नेणाऱ्या चेतापेशींना ते अति उत्तेजित करते आणि दीर्घकाळ असे होत राहिल्यास त्या पेशी निकामी होऊ शकतात.

मात्र हा घटक दाण्यात असतो म्हणून प्रत्येक घासात धोका असतो, असे नाही. सर्वसाधारणपणे दिवसाच्या अन्नाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक वाटा लाखोळीचा असेल आणि असे दोन-तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ सलग चालले, तर धोका निर्माण होतो. ताटातील अन्य अन्नाचाही यात मोठा वाटा आहे. गंधकयुक्त अमिनो आम्ले शरीराला तांदूळ, गहू यांसारख्या धान्यांतून मिळतात. ती कमी पडली की धोका वाढतो, असे मानले जाते. इथिओपियातही हा विकार आढळतो. लाखोळीबरोबर धान्य मिसळून खाणाऱ्यांत तो कमी होतो, असे तेथील अभ्यासांत दिसून आले आहे.

आपल्या देशात १९६१ साली अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांखाली या डाळीच्या विक्रीवर बंदी आली. शेतातील पेरणी मात्र थांबली नाही. पुढे कृषिशास्त्रज्ञांनी अत्यल्प ओडॅप असलेले 'रतन', 'प्रतीक', 'महातिवडा' असे वाण विकसित केले. यांपैकी शेवटचे दोन रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाचे आहेत. २०१६ च्या आरंभी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या समितीने अशा वाणांना मोकळीक देण्याची शिफारस केल्याचे वृत्त आले आणि या डाळीवरील चर्चा पुन्हा सुरू झाली.

हा शब्द केव्हा वापरावा, केव्हा वापरू नये

लॅथिरिझम हे निदानाचे नाव आहे. पायांच्या प्रत्येक तक्रारीला ते लावता येत नाही. त्याचे चित्र बरेचसे ठरलेले आहे. बहुधा तरुण किंवा मध्यम वयाच्या माणसाला, त्यातही पुरुषांना, तो अधिक होतो. पोटऱ्यांत गोळे येतात, पाय ताठर होतात, टाचा जमिनीला टेकत नाहीत, माणूस चवड्यांवर चालू लागतो आणि चालताना एक पाय दुसऱ्यापुढे कात्रीसारखा येतो. बुद्धी व वाचा शाबूत असतात आणि स्पर्शाची जाणीवही बहुधा टिकून राहते. जुन्या वैद्यकीय लेखनात रुग्णांची वर्गवारी काठीवरून केलेली आढळते : काठीविना चालणारे, एका काठीने चालणारे, दोन काठ्यांनी चालणारे आणि सरपटणारे. डाळ थांबविली की हा विकार सहसा आणखी वाढत नाही, पण गेलेले बळ बहुधा पूर्णपणे परतत नाही. व्यायामोपचाराने आणि ताठरपणा कमी करणाऱ्या औषधांनी रुग्णाचे चालणे-फिरणे थोडे सुकर करता येते.

आता त्या दुसऱ्या घरातील आजोबांकडे वळू. वयाच्या सत्तराव्या वर्षी नव्याने पाय जड पडू लागले असतील आणि घरात रोज भात, भाजी, वेगवेगळ्या डाळी शिजत असतील, तर लॅथिरिझम हा तर्क मागे ठेवावा. मानेच्या मणक्यांमुळे मज्जारज्जूवर येणारा दाब, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मधुमेहाने झालेली चेतातंतूंची हानी, कंपवात, पक्षाघाताचा सौम्य झटका, गुडघ्यांची झीज ही कारणे या वयात कितीतरी अधिक आढळतात. यांतील काहींवर वेळेत उपचार झाले, तर चालणे सुधारते किंवा निदान अधिक बिघडत नाही. "लाखोळीचेच फळ" म्हणून घरी बसविले, तर ती संधी हातची जाते.

म्हणून पुढील लक्षणे ध्यानात ठेवावीत :

• चेहरा, हात किंवा पाय एका बाजूने अचानक लुळा पडला, बोलणे अडखळू लागले, तर एक क्षणही न दवडता रुग्णवाहिका बोलवावी. साकोलीसारख्या महामार्गावरील गावातून मोठे रुग्णालय गाठता येते. मात्र त्यासाठी निर्णय घरात लगेच व्हावा लागतो.

• पायांच्या दुर्बलतेबरोबर लघवी किंवा शौचावरील ताबा सुटला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

• पाय हळूहळू ताठ होत असतील, चप्पल पायातून नकळत निसटत असेल, सदऱ्याच्या गुंड्या लावताना बोटे अडत असतील, तर 'म्हातारपण' म्हणून सोडून देऊ नये. काही दिवसांत तपासणी करून घ्यावी.

• डॉक्टरांकडे जाताना आहाराची खरी माहिती द्यावी. लाखोळी खाल्ली जात असेल, तर किती आणि किती दिवस, हे न संकोचता सांगावे. गरिबीचे लक्षण मानून ज्येष्ठ मंडळी अनेकदा ही गोष्ट लपवितात.

आजीच्या वाटीचे काय करावे?

पहिल्या घरातील आजीची वाटी घाबरून हिसकावून घेण्याचे कारण नाही. तशीच ती रोज भरून देण्याचेही नाही. काही साधी पथ्ये पाळावीत.

लाखोळी ही अधूनमधून खाण्याची डाळ समजावी. रोजची मुख्य डाळ करू नये. तिच्या एकट्याच्या पिठाच्या भाकरी नित्य खाऊ नयेत. ओडॅप पाण्यात विरघळते. त्यामुळे डाळ गरम पाण्यात रात्रभर भिजवून ते पाणी फेकून द्यावे, नंतर भरपूर पाण्यात उकळून तेही पाणी ओतून टाकावे आणि मग नव्या पाण्यात शिजवावी. यामुळे ओडॅपचे प्रमाण बरेच घटते, पण पूर्णपणे नाहीसे होत नाही. ज्यांना आधीपासून पायांची दुर्बलता, ताठरपणा किंवा मज्जासंस्थेचा विकार आहे, त्यांनी ही डाळ टाळलेलीच बरी. पेरणी करायची असेल, तर कमी ओडॅप असलेल्या वाणाची चौकशी साकोलीच्या कृषी विज्ञान केंद्रात करावी.

बाजारातील तूरडाळीत किंवा बेसनात लाखोळीची भेसळ होऊ शकते. तूरडाळ निवडताना दाण्यांकडे लक्ष द्यावे. तुरीचा दाणा गोलसर असतो. लाखोळीचा पाचरीसारखा, एका बाजूने उतरता. बेसनात ही ओळख पटणार नाही. म्हणून शक्य असेल तर हरभऱ्याची डाळ आणून ती दळून घ्यावी.

याहून महत्त्वाची गोष्ट ताटाची आहे. दुष्काळाने माणसाचे ताट एकाच पदार्थावर आणले, तेव्हा लॅथिरिझम झाला. आज आपल्या घरांत दुष्काळ नसेल. पण वृद्धांचे ताट तरीही हळूहळू रिकामे होत जाते. दात गेले म्हणून भाजी बंद होते. पचत नाही म्हणून डाळ पातळ होत होत नुसते पाणी उरते. जोडीदार गेल्यावर एकट्यासाठी स्वयंपाक करण्याचा कंटाळा येतो. मग सकाळी चहा-पोहे, दुपारी भात आणि लोणचे, रात्री दुपारचाच भात, असा दिनक्रम ठरून जातो. यातून लॅथिरिझम होणार नाही. परंतु स्नायू झिजतात, रक्त कमी होते, तोल जातो, आणि पायांचे बळ त्याही वाटेने जाते.

म्हणून घरातील ज्येष्ठांची विचारपूस करताना "जेवलात का?" एवढ्यावर थांबू नये. "काय जेवलात?" असे विचारावे. आठवड्यातून एकदा त्यांच्या ताटात गेल्या सात दिवसांत काय काय आले, ते आठवून पाहावे. तूर, मूग, मसूर, हरभरा यांची अदलाबदल करावी. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. पालेभाजी मऊ शिजवून, चिरून द्यावी. दही-ताक असावे. जे खातात त्यांच्यासाठी अंडी आणि तलावातील ताजी मासळी आहेच. भंडारा हा तलावांचा जिल्हा आहे. आणि शक्य असेल तर एक वेळचे जेवण त्यांच्याबरोबर बसून घ्यावे. सोबत असली की घास सहज जातात.

सुटीवर आलेल्या नातीने आजीची वाटी परत द्यावी, पण ती डाळ आठवड्यातील एखाद्याच दिवसाची ठेवावी आणि वाटीशेजारी भात, भाजी, ताक वाढावे. तो शब्दही आजीला समजावून सांगावा. आजीने ज्यांची नुसती ऐकीव आठवण जपली असेल, त्या दुष्काळातल्या काठी टेकत चालणाऱ्या माणसांबद्दल तिच्याकडे सांगण्यासारखे काही असेलच. आणि आजोबांच्या घरातील मंडळींनी उद्या सकाळीच त्यांना डॉक्टरांकडे न्यावे. साकोलीच्या उपजिल्हा रुग्णालयापासून आरंभ करता येईल.